कारचे ब्रेक ‘अचानक’ फेल होत नाहीत: झीज कशी ओळखायची आणि गॅरेजमध्ये काय विचारायचं

कसारा घाट असो, नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता असो, अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ वाचणाऱ्याचा समज होतो की ब्रेक कालपर्यंत ठणठणीत होते आणि आज नशिबानं दगा दिला. ट्रक-बसचे हवेवर चालणारे ब्रेक हा वेगळा विषय आहे, तो इथे बाजूला ठेवू. आपल्या घरच्या कारपुरतं बोलायचं तर हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. कारचे ब्रेक कित्येक आठवडे आधीपासून सांगत असतात. आपल्याला ते कळत नाही, किंवा कळूनही ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून आपण ढकलतो.

दुसरी भीती गॅरेजची. आवाज येतोय म्हणून गाडी दाखवायला न्यावी आणि मोठं एस्टिमेट हातात पडावं, ही धास्ती अनेकांना असते, आणि ती अगदीच निराधार नाही. या दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे. ब्रेकची झीज मिलिमीटरमध्ये मोजता येते. नाशिककरांना तरी हे पटवून द्यायला नको. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत व्हर्निअर हाताळलेला माणूस इथे जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतो. नोकरीच्या जागी मायक्रॉनचा हिशेब ठेवणारे आपण स्वतःच्या गाडीच्या ब्रेकबाबत मात्र ‘थोडे घासलेत’ या उत्तरावर पैसे मोजून येतो, हे मला खटकतं.

पेडल दाबल्यावर आत काय होतं?

सायकलचा ब्रेक आठवा. रबराचे दोन गुटके रिमला दोन्ही बाजूंनी चिमटतात आणि चाक थांबतं. गुटके झिजले की बदलायचे. कारच्या पुढच्या चाकांत हेच घडतं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे दोन तुकडे म्हणजे ब्रेक पॅड. पॅडना दाबणारा जबडा म्हणजे कॅलिपर. बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम असतो. त्यात दोन लायनर आतून बाहेर फाकतात आणि फिरत्या ड्रमला घासतात. तुमच्या पायाचा दाब चाकांपर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. हे द्रव दाबलं तरी आकसत नाही, म्हणून दाब जसाच्या तसा पोचतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, घाटाच्या वेळी तिची गरज पडणार आहे.

ब्रेक मारले की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात आणि साधारणपणे तेच आधी झिजतात. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटरचा असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे. 2 मिलिमीटरच्या खाली गाडी चालवणं म्हणजे स्वतःचा आणि समोरच्याचा जीव टांगणीला लावणं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण.

मग हे किती किलोमीटर चालतं? याचं एक उत्तर नाही. नाशिकरोडहून द्वारका, मुंबई नाका करत रोज सातपूर गाठणाऱ्याचा पाय सतत ब्रेकवर असतो. त्याचे पॅड 25 हजार किलोमीटरमध्ये संपू शकतात. मोकळ्या रस्त्यावर शांतपणे चालवणाऱ्याचे 60 हजारांपर्यंतही जातात. म्हणून चाक न उघडता, फक्त मीटरचा आकडा बघून ‘पॅड बदलायला आलेत’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ‘अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्यावरही नको.

गाडी आधीपासून काय सांगत असते?

पहिला इशारा बारीक, कर्कश किणकिणाटाचा. अनेक पॅडना पत्र्याची छोटी पट्टी लावलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि आवाज करते. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. आवाज रोज येऊ लागला, ब्रेक लावताना वाढला, तर आठवड्याच्या आत गाडी दाखवा. मात्र पावसाळ्यात सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकना येणारी खरखर वेगळी असते. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो घासून निघाला की आवाज थांबतो. त्यासाठी पैसे खर्च करायचं कारण नाही.

दुसरा आवाज जाड, लोखंडावर लोखंड घासल्याचा. याचा अर्थ थर संपला, आता पॅडमागची पोलादी पट्टी डिस्कला खरवडते आहे. इथे ‘शनिवारी नेतो’ चालत नाही. प्रत्येक ब्रेकबरोबर डिस्कवर चरे पडत जातात आणि नुसत्या पॅडवर भागलं असतं तिथे डिस्कचाही खर्च अंगावर येतो.

आवाजाशिवायही खुणा असतात. पेडल पूर्वीपेक्षा खाली जातं. पेडल मऊ, स्पंजी लागतं, म्हणजे ऑइलमध्ये हवा शिरली आहे किंवा ऑइल जुनं झालं आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते, म्हणजे एका चाकाचा कॅलिपर अडकला असण्याची शक्यता मोठी. वेगात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, म्हणजे डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही. प्रवासानंतर एकाच चाकातून जळका वास आणि धग येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटतच नाहीये. त्या चाकाला हात लावू नका, चटका बसतो.

एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं. ते घाबरण्यासारखं नाही. चाक लॉक होऊ नये म्हणून यंत्रणा दाब कमी-जास्त करत असते. पेडल तसंच दाबून ठेवायचं. एप्रिल 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, तरी ही धडधड बिघाड समजून ऐन वेळी पाय उचलणारे लोक आहेत.

घरच्या घरी काय बघता येतं?

बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलची छोटी, अर्धपारदर्शक बाटली असते, तिच्यावर ‘मॅक्स’ आणि ‘मिन’च्या रेघा असतात. पातळी हळूहळू खाली येणं हे पॅड झिजल्याचं लक्षण असू शकतं. पॅड पातळ होतात तसे पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधले पॅडना ढकलणारे दट्टे, पुढे सरकतात आणि ऑइल त्यांच्यामागची जागा भरतं. तेव्हा पातळी खाली दिसली की लगेच ऑइल ओतू नका. आधी पॅड तपासून घ्या. ओतून भरलंत आणि नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले, की जास्तीचं ऑइल वरून सांडतं आणि ते गाडीचा रंग खातं. पातळी दोन-चार दिवसांत झपकन उतरली तर मात्र गळती आहे. तशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आता पेडल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसाच पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे तुमच्या पायाला जोर देणारा भाग, ठीक आहे. मग इंजिन सुरू असतानाच पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी दाब सुटतो आहे. या दोन्ही गोष्टी पार्किंगमध्ये उभ्या गाडीवर दोन मिनिटांत होतात.

अलॉय व्हील असेल तर टॉर्च मारून पॅडही दिसतो. पण इथे एक फसगत आहे. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. अंबडच्या एका गॅरेजमध्ये चाकातून काढून कागदावर ठेवलेली पॅडची जोडी मी पाहिली होती. बाहेरच्या पॅडवर निम्म्याहून जास्त थर शिल्लक, आणि त्याच चाकातला आतला पॅड एका टोकाला पोलादापर्यंत उतरलेला, कड निळसर पडलेली. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या सुकून अडकल्या होत्या. त्यामुळे पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच घासत राहिला. बाहेरून बघून ‘भरपूर आहे’ म्हणणारा कुणीही तिथे चुकला असता. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, चाक काढून दोन्ही पॅड मोजून घ्यायचे.

घाटात ब्रेक का जातात?

ब्रेक गाडीची गती नाहीशी करत नाहीत, तिची उष्णता करतात. माणसांसकट 1,200 किलोची गाडी ताशी 60 च्या वेगातून थांबवली तर साधारण 167 किलोज्यूल उष्णता तयार होते. वेग दुप्पट केला की ती चौपट होते. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. त्यावर ताशी 120 ने जाणाऱ्या याच गाडीला थांबवायला जवळपास 670 किलोज्यूल पचवावे लागतात. शहरात ‘चालतंय की’ म्हणून चालवलेले पॅड तिथे उघडे पडतात.

आता घाट. हीच गाडी 300 मीटर उंची उतरली तर सुमारे 3,500 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. म्हणजे 60 च्या वेगातून गाडी वीसेक वेळा थांबवण्याइतकी. इंजिन आणि हवा मिळून त्यातला बराच वाटा उचलू शकतात, पण गिअर मोठा ठेवून पाय ब्रेकवरच दाबून ठेवला तर जवळजवळ सगळा बोजा चार चाकांतल्या लोखंडावर पडतो. डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. मग दोनपैकी एक गोष्ट होते.

एक, पॅडच इतका तापतो की त्याची पकड सुटते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

दोन, ऑइल उकळतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी मुरलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 दर्जाचं कोरडं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअस सहन करतं, पाणी मुरलेल्या ऑइलची मर्यादा 155 अंश. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव आकसत नाही, पण वाफ आकसते. पाय दाबला की बुडबुडा दबतो, दाब चाकापर्यंत पोचत नाही आणि पेडल थेट खाली जातं. बातमीतलं ‘ब्रेक फेल’ अनेकदा हेच असतं. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा ऑइल होतं, पेडल परत वर येतं आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही.

म्हणून ब्रेक ऑइल बदलणं हा मला पॅडइतकाच महत्त्वाचा खर्च वाटतो, आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी कमी चालली म्हणून मुदत वाढत नाही, कारण पाणी वर्षांवर मुरतं, किलोमीटरवर नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. ब्रेक सतत टेकवून न ठेवता ठसठशीत लावा, वेग उतरवा, सोडा. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, त्यातही इंजिन बंद करून उतरण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. इंजिन बंद झालं की बूस्टरला जोर मिळत नाही. दोन-तीन वेळा ब्रेक मारले की पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा हल्लीच्या गाड्यांत आपोआप बंद होतो.

तरीही पेडल खाली गेलंच तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक झटक्यात न ओढता हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका.

‘डिस्कपण बदलावी लागेल’ म्हणाले तर?

तर मोजायला सांगा. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, ‘मिन. टीएच.’ या अर्थाच्या अक्षरांपुढे मिलिमीटरचा आकडा. समजा मर्यादा 18 आहे आणि डिस्क 19.2 भरली, खोल चरे नाहीत, स्टिअरिंग थरथरत नाही, तर नुसते पॅड बदलून भागतं. 18 च्या खाली भरली तर ती बदलायलाच हवी, तिथे मेकॅनिकशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. मधल्या स्थितीत लेथवर डिस्क साफ करून घेता येते, पण साफ केल्यावरची जाडी मर्यादेच्या वर राहणार असेल तरच. पॅड आणि लायनर मात्र नेहमी डाव्या-उजव्या जोडीतल्या दोन्ही चाकांचे एकत्र बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढते. त्यामुळे ‘दुसऱ्या बाजूचेही बदलावे लागतील’ हे ऐकलं की लगेच फसवणूक समजू नका.

काम सुरू होण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या. त्यात पार्ट वेगळे, मजुरी वेगळी. चाक उघडल्यावर समोर उभं राहून चारही आकडे लिहून घ्या: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. ‘माझ्याशी बोलल्याशिवाय वाढीव काम करू नका’ हे जॉब कार्डवर लिहायला लावा. काम झाल्यावर काढलेले पॅड परत मागा. नव्या पॅडचं खोकं बघा. त्यावर छापील किंमत, पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव असतं. खोकं आधीच फोडलेलं असेल किंवा ‘खोकं टाकून दिलं’ असं उत्तर मिळालं तर थांबा आणि दुसरं मागा.

‘ब्रेक क्लीनिंग’ या शब्दाखाली दोन वेगळी कामं खपतात. ड्रम उघडून धूळ काढणं, लायनर बघणं, ॲडजस्ट करणं, कॅलिपरच्या पिना काढून त्यांना त्यांचं खास ग्रीस लावणं हे खरं काम आहे, त्याची मजुरी द्यायलाच हवी. चाकाच्या फटीतून स्प्रे मारणं हे त्या पैशांचं काम नाही. ऑइल बदललं का याचीही खात्री सोपी आहे. बाटलीतलं जुनं ऑइल बहुधा काळपट असतं, नवं स्वच्छ पिवळसर दिसतं. चारही चाकांतून ते काढून हवा काढावी लागते, नुसतं वरून शोषून भरलं तर नळ्यांत जुनंच राहतं.

आणखी एक, मेकॅनिकच्या काळजीपोटी. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा एअर गननं उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं धुवून काढायची. हे पोरं रोज करतात, मास्कशिवाय. आपण सांगितलं तर कदाचित ऐकतील.

एवढं विचारलं तर मेकॅनिक चिडणार नाही का?

चांगला मेकॅनिक चिडत नाही. उलट मोजमापानं त्याचंच भलं होतं. ‘तुम्ही उगाच पार्ट बदलला’ हा आरोप त्याच्यावर येत नाही, आणि स्वस्तात उरकणाऱ्या शेजारच्या गॅरेजपेक्षा त्याचं काम का महाग आहे हे गिऱ्हाईकाला दिसतं. नाशिकमध्ये असे मेकॅनिक भरपूर आहेत, सातपूर असो की पंचवटी. ‘दादा, किती मिलिमीटर राहिलाय, मला दाखवता का?’ एवढं नीट विचारावं. जो दाखवायला नकार देतो, त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही हे तुम्हीच ठरवा.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते ना?

सरसकट नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल पार्ट खुल्या बाजारात मिळू न देणं हा त्यातला मुख्य आक्षेप होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणानं वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असंही त्या आदेशात होतं. कंपन्यांनी पुढे अपिलं केली. म्हणून वॉरंटीतली गाडी असेल तर पुस्तिका वाचा आणि बिलं जपा. तसंही पॅड हा झिजणारा भाग असल्यानं त्याची झीज सहसा वॉरंटीत येत नाही.

स्वस्तातले पॅड चालतील?

कंपनीच्या खोक्यातलेच हवेत असं नाही. ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकांचे पॅड बाजारात मिळतात आणि ते चांगले असतात. नाव-पत्ता नसलेले मात्र घेऊ नका. तापल्यावर त्यांची पकड काय राहील हे कुणीच सांगू शकत नाही, आणि ते आपल्याला कळणार घाटात.

बिलाशिवाय घेतलं तर कर वाचेल?

वाचेल, पण हातात काही राहणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर 18 टक्के जीएसटी आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर 28 होता. बिलावर अजून जुना दर लावलेला दिसला तर विचारा. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो. काम चुकीचं झालं आणि गॅरेज दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही. एस्टिमेट, बिल, मोजमापाचा कागद आणि जुने पॅड हाच तुमचा पुरावा.

गाडी ताब्यात घेताना

पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाऊ शकतं. गाडी हलवण्याआधीच पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मग गॅरेजच्या रिकाम्या गल्लीत, मेकॅनिकला शेजारी बसवून, सावकाश दोन-चार वेळा ब्रेक लावून बघा. चाकांचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, आवळलेत का ते विचारा. पुढचे 200 ते 300 किलोमीटर नवे पॅड डिस्कवर बसत असतात, तेवढे दिवस गरज नसताना कचकचून ब्रेक मारू नका आणि त्याच आठवड्यात भरल्या गाडीनं गडावर जायचा बेत असेल तर तो पुढे ढकला. पॅड बसल्यावर एकदा ऑइलची पातळी बघा. ती नव्या पॅडची पातळी म्हणून बाटलीवर मार्करनं खूण करून ठेवा, म्हणजे पुढची झीज बॉनेट उघडल्यावर दिसत जाईल.